व्हरांड्यातला दिवा

सांगलीत आमच्या शेजारच्या काकांनी वीज वाचवणारा नवा दिवा आणला आणि लावला व्हरांड्यात, रस्त्यावरून दिसेल असा. दिवेलागणीला बटण दाबून ते हात जोडत आणि दिवा सावकाश पूर्ण उजळेपर्यंत जोडलेलेच ठेवत. मग येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावत, "हात लावून बघा, तापत न्हाई!" आत काकू झीरोच्या बल्बखाली तांदूळ निवडत.

दहावीतली त्यांची मुलगी एकदा पुस्तक घेऊन दिव्याखाली बसली. "ऊठ, लोक दिवा बघायला येतात," काका म्हणाले. ती आमच्याकडे अभ्यासाला येऊ लागली.

एकदा खिडकीतून डोकावून ते मला म्हणाले, "अजून साठचाच बल्ब? लय वीज जाळता तुमी!"

त्याखाली त्यांचीच मुलगी भूमिती सोडवत होती. मी खिडकी त्यांच्या तोंडावर लावली.