धोंड्याच्या ताटातल्या आठ तोफा

अधिक महिना, म्हणजे आमचा धोंड्याचा महिना आला, की जावयाला बोलावून वाण द्यायचं असतं. तेहतीस अनारसे अन् तांब्याचं ताट. एकदा दिलेलं परत घ्यायचं नाय. औंदा जावई म्हणला, "मामा, ताट नको. माझ्या जहाजाला आठ पितळी तोफा कातून द्या."

जावई कॉम्प्युटरवर काम करतो. त्यानं मनानंच एक देश रचलाय, त्याचं आरमार रचलंय, अन् त्यात दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बांधलेली, एकाच नकाशाची चार लढाऊ जहाजं. कुठल्या बंदरात बांधली, कप्तान कोण, समदं लिहून इंटरनेटवर टाकतो. त्यातल्या एकाचा पुठ्ठ्याचा हातभर नमुनाही केलाय. इथं नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय, अन् ह्याचं आरमार! शिसारी आली मला. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाय कसं म्हणायचं?

मी चौथीपर्यंत शिकलो. पण चितेगावच्या कारखान्यात जन्म लेथवर काढला. ड्रॉइंग मला बघताक्षणी कळतं. त्यानं पुढं केलेल्या ड्रॉइंगमधल्या मागच्या बुरुजावर, म्हणजे तोफा बसतात त्या फिरत्या घुमटावर, मी बोट ठेवलं.

"जावईबापू, हा फिरवला की नळ्या ह्या केबिनीला थटतील."

"मामा, जहाज कुठं समुद्रात जाणाराय?"

"मग तोफा तरी कशाला?"

तो नुसता हसला. त्या हसण्याचाच मला वीट आला.

जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपात लेथ मागून घेतला. तो म्हणला, "क्यों उस्ताद, किसपे चढ़ाई है?" मी पितळ कातायला घेतलं. जावई म्हणला होता, भोक नको, काळा ठिपका देऊ. बिनभोकाची तोफ म्हणजे लाटणं. मी आठही नळ्यांना भोकं पाडली.

वाणाच्या दिवशी अनारशांशेजारी नळ्या मांडल्या. जावयानं तिथंच जहाजावर बसवल्या. मी मागचा बुरूज फिरवून बघितला. खट्. दोन्ही नळ्या केबिनीच्या तारेच्या कठड्याला थटल्या, पितळेवर ओरखडा.

"फिरवायचाच कशाला? डिंकानं चिकटवून टाकू," जावई म्हणला.

न बसणारा नग माझ्या हातून आजवर बाहेर गेला नाय. दोन्ही नळ्या उपटून मी खिशात घातल्या. "आधी केबिन सरकवा, मग न्या."

बायको कडाडली, "अवो, वाण परत घेतंय का कुणी? लाज हाय का नाय?"

"नाय," म्हणलं.

केबिन काय सरकली नाय. परवा लेकीनं त्याचं नवं लिखाण फोनवर वाचून दाखवलं. म्हणं, जहाजाच्या मागच्या दोन तोफा सदोष निघाल्या, म्हणून बंदरात उतरवून ठेवल्या. ऐकून तोंड कडू झालं. देश खोटा, समुद्र खोटा, अन् दोष तेवढा माझ्या खऱ्या पितळेला!

लेकीला म्हणलं, "त्याच्याखाली लिही, तोफा बरोबर हायेत, जहाज चुकलंय."

ती हसली. मी नाय हसलो. ओरखडा घासून काढलाय, नळ्या तेलाच्या फडक्यात कपाटात हायेत. ते लिहिल्याबिगर मी त्यांच्या घरचं पाणी पिणार नाय.