उलटं म्हणजे नेमकं किती उलटं?

नॉटिंगहॅमच्या साइटवर आम्ही भिंती आडव्या झोपवून बनवायचो. शप्पथ! जमिनीवर सपाट साचा मांडायचा, त्यात पातळ विटा तोंड खाली करून बसवायच्या, वर सळ्या, वर काँक्रीट. आठवड्याने कडक झाली की क्रेनने उचलून उभी करायची. तोवर तिचं तोंड कुणी बघितलेलं नसतं. मध्ये अंतरपाटच जणू.

एका शाळेचा जिम हॉल होता. मी ट्रेनी इंजिनिअर, प्रोबेशनवर, आणि डाव्या टोकाचं पहिलं पॅनल माझ्याकडे. त्यात काळ्या विटांचा एक पट्टा तिरका चढायचा, हॉलच्या मधोमध शेंड्याला जायचा आणि उजव्या टोकाच्या पॅनलवर तस्साच उतरायचा.

आमचे सीनियर नागपूरचे. घाईघाईत सांगून गेले, "सगळं उलटं लावजो बरं का बे."

त्यांना म्हणायचं होतं, विटांचं तोंड खाली. मी म्हटलं, "डन, सर," आणि विटांबरोबर ड्रॉइंगपण उलटं केलं. डावं ते उजवं. हुशारी हो, दुसरं काय!

वर सहा दिवस मस्तीत. आमचा फोरमन पक्का तिथलाच, सगळ्यांना लाडाने 'डक' म्हणायचा, सरांनासुद्धा. आवाज जरा नाकातून काढला की मी हुबेहूब तो. "ए-अप डक, हूज निक्ड मी टेप?" माझी टेप कुणी ढापली, असं कंटेनरमागून ओरडलो की दोघं-तिघं खरंच टेप शोधायला लागायचे.

सातव्या दिवशी सँडविच आणायला व्हॅनमधून निघालो. मागून अँब्युलन्स आली. तिच्या बॉनेटवरची अक्षरं उलटी लिहिलेली, पण आरशात एकदम सुलटी. मी हसलो. मग हसू गेलं. व्हॅन कडेला घेतली, ड्रॉइंग उघडलं. कोपऱ्यात बारीक लिहिलेलं, 'आतून बघताना'. साच्यावर वरून दिसते ती भिंतीची आतलीच बाजू, म्हणजे काढणाऱ्याने एकदा उलटं करूनच दिलेलं! मी त्याचं परत उलटं केलं. पट्टा भलतीकडे चढणार, उद्या क्रेन येणार, माझं प्रोबेशन खलास.

अक्कल कुठे गेली होती देव जाणे. क्रेनवाल्यांच्या ऑफिसला फोन लावला आणि नाकातून म्हटलं, "ए-अप डक. टुमारोज लिफ्ट, कॅन्सल इट, विल यू?"

पलीकडची बाई म्हणाली, "पण डक, तू तर इथे माझ्यासमोर चहा पितोयस!"

फोन कुणीतरी घेतला. फोरमन. आणि तो चक्क माझ्या आवाजात बोलला, "यस सर, नो सर, आय विल डू द नीडफुल, सर!" त्या बाईचं खिदळणं मला इथपर्यंत ऐकू आलं. मला रडू की हसू कळेना. सगळं सांगून टाकलं.

तो स्वतःच्या आवाजावर आला. मग विचारलं, "उजव्या टोकाचं पॅनल ओतलंय?"

"नाही."

"दोन्ही एकाच मापाची?"

"हो."

"मग हे उजवीकडे उभं करू. डावं नव्याने. तुझ्या सरांना तू सांगायचं, डक. तुझ्याच आवाजात."

सांगितलं. सरांनी ड्रॉइंग ओढून बघितलं. मग इतके हसले की हेल्मेट काढून डोळे पुसले. "अबे, मला विटा म्हणायच्या होत्या! भिंत नाही!" मग एकदम गंभीर. "प्रोबेशनचं नंतर बघू. आधी उभी राहू दे."

दुसऱ्या दिवशी क्रेनने ती उचलली, उजव्या टोकाला. मी डोळे मिटून उभा. फोरमनने हातात गरम पाण्याची गन दिली, "धू." काँक्रीट तोंडाला चिकटू नये म्हणून विटांवर आधीच लावलेलं मेण असतं, ते वितळून ओघळायला लागलं आणि खालून लालभडक विटा निघाल्या. काळा पट्टा बरोब्बर जिथे उतरायला हवा तिथे उतरलेला. मी नखशिखांत भिजलो, तरी गन सोडेना.

सर मागे येऊन उभे होते. बराच वेळ भिंत बघत होते.

"उद्या डावं पॅनल कोण मांडणार बे?" म्हणाले. "तूच ना?"