हॉटेल या शब्दाचं भाषांतर मी केलं नाही

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

तुम्ही डिसेंबरात अमेरिकेहून पिंपरीला येताय आणि आमच्या कोपऱ्यावरच्या नव्या हॉटेलात उतरताय, असा तुमच्या बाबाचा निरोप परवा आला. 'आई, तुझ्या पुढच्या खोलीत आता बाकडी आहेत, मुलं झोपणार कुठं? हॉटेल पाच मिनिटांवर आहे. उलट बरंच झालं.' ते 'उलट बरंच झालं' वाचलं आणि मी फोन पालथा ठेवून लिहायला बसले. तुम्ही तिथं बॅगा ठेवण्याआधी ती जागा कोणाची होती आणि कशी गेली, हे तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं, कारण ती जाण्यात माझा हात आहे. मराठीतच लिहिते. तुम्हाला वाचायला वेळ लागेल, लागू दे. हा सगळा घोळ इंग्रजीतून मराठीत येतानाच झालाय.

हॉटेल आहे तिथं पत्र्याची शेड होती आणि शेडीत ताईची खाणावळ. ताई तुम्हाला आठवत असेल. मागच्या खेपेला धाकट्याने तिच्याकडून तीनदा पिठलं मागून घेतलं होतं. ती बीडकडची. नवरा चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये असतो. वयाने ती माझ्या मुलीसारखी, पण मी तिला ताई म्हणते आणि ती मला बाई.

साडेबारा वाजले की आसपासच्या ऑफिसांतली माणसं तिच्या दारात रांग लावायची. बँकेतले, विम्यातले, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली कॉम्प्युटरवाली पोरं-पोरी. नवा माणूस दिसला की ताटली हातात देण्याआधी ती विचारायची, "गाव कुठलं?" कोल्हापूर म्हणाला तर वरून झणझणीत रस्सा. कोकणातला असला तर भात आधी. नागपूरकडच्या मुलीला तिने एकदा विचारलं, "तुमच्यात वरणात साखर न्हाई ना घालत?" आणि ती मुलगी त्या दिवसापासून रोज आली.

एकदा त्या रांगेपाशी दोघे जण हातात टॅब घेऊन उभे राहिले. तेही सगळ्यांना विचारत होते, पण 'कंपनी कुठली?' बाहेरगावचे साहेब तुमच्याकडे किती येतात, ते रात्री कुठं उतरतात, दुपारी कुठं जेवतात. ताईने त्या दोघांना पाहुणे समजून फुकट जेवू घातलं. त्यांनी रांगेचे फोटो काढले. पुढे हॉटेलवाल्यांचं गुळगुळीत कागदाचं पुस्तक माझ्या हाती आलं, त्यात तो फोटो होता. खाणावळीची पाटी कापून टाकलेली. खाली लिहिलं होतं की या भागातल्या ऑफिसांत एवढी माणसं आहेत आणि त्यांच्यासाठी धड एकही जागा नाही. त्या माणसांच्या हातातल्या ताटल्या मात्र फोटोत स्पष्ट दिसत होत्या. ते पुस्तक माझ्या फायलीत आहे.

मग हॉटेलवाल्यांचं पत्र आलं. जागामालक जुन्या गावातले, एके काळी इथं त्यांची ज्वारी पिकायची. ते ताईला घेऊनच माझ्याकडे आले, कारण गल्लीतलं इंग्रजी पत्र माझ्याकडेच येतं.

"बाई, इंग्रजीत हाय. जरा सांगा, काय म्हनत्यात."

मी चष्मा लावला, लाल पेन्सिल घेतली, पत्र तीनदा वाचलं. मग सांगितलं, "शेड तीन महिन्यांत रिकामी करायची. इथं हॉटेल उभं राहील. सध्या इथं जेवण विकणाऱ्या बाईंना हॉटेलात सामावून घेण्याचा विचार केला जाईल."

"हाटेलात?" ताई म्हणाली. "मला?"

"असं लिहिलंय."

"म्हंजे शेडीचं हाटेल व्हनार आन् मी आतच."

"मंग! मी काय म्हनलो व्हतो, अक्के?" जागामालक म्हणाले. "तुझं वाटुळं करीन व्हय मी? आता एसीत भाकऱ्या थाप."

"एसीत तवा गार पडंल की," ती म्हणाली, आणि तिघंही हसलो.

मी हसले, हे लिहून ठेवते. आपल्याकडे टपरीवाल्याने चार खुर्च्या मांडल्या की त्याचं हॉटेल होतं. मिसळ मिळते ते हॉटेल, वडा मिळतो ते हॉटेल. झोपायच्या जागेला माणसं लॉज म्हणतात, तेही जरा आवाज उतरवून. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ काय, हे मला ठाऊक नव्हतं का? एकतीस वर्षं कारखान्याच्या ऑफिसात मी साहेबांची इंग्रजी पत्रं सुधारून दिली. त्या दिवशीही मी अवघड शब्दांखाली रेघा मारल्या, एकेकाचा अर्थ लावला. हॉटेल हा शब्द मात्र मराठीत आधीच बसलेला, म्हणून त्याला तसाच जाऊ दिला. घरचा म्हणून ज्याला हटकलं नाही, तोच चोर निघाला.

शेड सोडायला संमती म्हणून ताईने सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. दुसऱ्या दिवशी भांडी बाजारातून मोठी परात आणली. भांड्यावर आपण नाव घालून घेतो. दुकानदाराने विचारलं, नाव काय घालू? तिने सांगितलं, 'हॉटेल'. काठावर ठिपक्यांची ती तीन अक्षरं तिने मला बोट फिरवून दाखवली.

पुढे इमारत वर चढत गेली आणि ताई शेजारच्या बोळात हातगाडीवर तात्पुरता संसार करून थांबली. काचा बसल्या, पण बोलावणं येईना. तेव्हा मी फाईल काखेत मारून तिला हॉटेलच्या ऑफिसात घेऊन गेले. कोट घातलेली एक तरुण मुलगी समोर बसली होती. मी मराठीत बोलले, तिने हिंदीत उत्तरं दिली.

"आंटी, किचन तो दिल्लीवाली पार्टी के पास है."

"पण यांना सामावून घेण्याचा विचार करू, असं तुमच्याच पत्रात आहे."

"हाँ, विचार करेंगे लिखा है. विचार किया."

एवढ्या वर्षांत कोणी मला माझ्याच वाक्यात असं पकडलं नव्हतं.

"हाउसकीपिंग में देख सकते हैं. बेडशीट वगैरा. उमर क्या है इनकी?"

"चादरी घालायच्या?" ताईने मला विचारलं. "कुनाच्या?"

"मुक्कामाला येणाऱ्या साहेबांच्या," मी म्हणाले.

रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "बाई, हे तर लॉज हाय वो. तवाच लॉज म्हनला असता, तर म्या सही केली असती व्हय?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

त्याच आठवड्यात मी पुढच्या खोलीतले दोन्ही पलंग विकले आणि बाकडी आणली. सोसायटीचे सेक्रेटरी नोटीस घेऊन आले. "काकू, सदनिकेत धंदा करता येत नाही. पोटनियम आहे."

"पोटनियम मीच टाइप केलेत," मी म्हणाले. "वर्गणी देणाऱ्यांची घरगुती जेवणाची भिशी चालते. क्रमांक काढून वाचा." ते अजून वाचताहेत.

शेडीत जेवायची त्याच्या निम्मी माणसंही माझ्या खोलीत मावत नाहीत. काही जिन्यात बसतात, काही येईनाशी झाली. हॉटेलात दुपारचं जेवण मिळतं. ऑफिसांतली पोरं पहिल्या आठवड्यात हौसेने आत गेली, दारातला दरफलक वाचला आणि माझ्याकडे आली. ज्यांची रांग दाखवून ती इमारत उभी केली, त्यांच्यासाठी ती नव्हतीच. माणसं मोजायला दोघे पाठवले होते, ती कोणाच्या हातचं जेवतात ते विचारायला एकही पाठवला नाही. आणि या गावची शिकलेली माणसं, त्यांत तुमचा बाबाही आला, मला फोन करून सांगतात की गाव आता बरं दिसायला लागलंय.

तुमच्या खोल्या रद्द करा, असं मी म्हणत नाही. तुमचे पलंग मीच विकले आहेत, तेव्हा तुम्ही कुठेतरी झोपणारच. फक्त ताईसमोर त्या जागेला हॉटेल म्हणू नका. लॉज म्हणा. आणि ती तुम्हाला गाव विचारेल, तेव्हा अमेरिका म्हणू नका, त्याला तिच्याकडे रस्सा नाही. पिंपरी सांगा.

खाणावळ माझ्या पुढच्या खोलीत साडेबारा ते अडीच चालू असते, रविवारी बंद. पीठ त्याच परातीत मळलं जातं. काठावरची तीन अक्षरं अजून वाचता येतात.