कडक पेरू

मला आयुष्यात एकच गोष्ट नीट येत होती, गोड फळ ओळखणं. आणि नेमकी तीच नडली.

माहेर सायखेड्याचं, घरची द्राक्षबाग. द्राक्ष बघून घ्यायचं नसतं, चाखून घ्यायचं असतं, आणि चाखायचा तो घडाच्या शेंड्याचा मणी. घड वरून पिकत येतो, शेंडा सगळ्यात शेवटी. तो गोड लागला की वरचं बघायला नको. व्यापारी बागेत आला की आण्णा, म्हणजे आमचे वडील, आधी तो मणी त्याच्या हातावर ठेवायचे आणि गप्प उभे राहायचे. लग्न होऊन मी नाशिकला, सातपूरला आले तरी बाजारात माझा हात आपोआप गोड फळावरच जायचा. शेजारणी मुद्दाम मला सोबत न्यायच्या. "तू निवड गं," म्हणायच्या. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा यांना हर्निया झाला. हे एका कारखान्यात मशीनवर होते, दिवसभर लोखंडाचे जड जॉब उचलायचे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, पण एवढ्या पोटावर आत्ता नको, टाके धरणार नाहीत. दहा किलो उतरवून या, आणि तोवर जड काही उचलायचं नाही. कंपनीने यांना स्टोअरमध्ये बसवलं. तेव्हा जिकडेतिकडे व्हीआरएसचीच, म्हणजे पैसे देऊन घरी बसवण्याचीच बोलणी चालायची. बसून राहिलेला मशीनवाला किती दिवस ठेवून घेतील, हा विचार दोघांच्याही डोक्यात होता. दहा किलो उतरले तर ऑपरेशन, ऑपरेशन झालं तर मशीन, आणि मशीन असलं तर नोकरी.

रात्रीचं जेवण कमी करा, फळं खा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. फळं म्हटल्यावर मी निर्धास्त झाले. आमच्याकडे फळ म्हणजे उपासाचं, आणि उपासाचं म्हणजे हलकं. ते अंगाला लागतं हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. द्राक्षांचा हंगाम होता. मी रोज संध्याकाळी ताट भरून द्राक्षं द्यायचे, शेंड्याचा मणी चाखून, मधासारखे घड निवडून. सोबत हाताला मऊ लागणारे चिकू आणि ठिपके पडलेली केळी. वर दोन पोळ्याही वाढायचे. नुसत्या फळांवर माणूस शिफ्ट कशी करणार?

दीड महिन्याने हे काट्यावर चढले तर दोन किलो वाढलेले.

डॉक्टरांनी विचारलं, कोणती फळं देता? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, सगळी गोडच, एक आंबट लागू देत नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, फळ जेवणाच्या जागी द्यायचं, जेवणाच्या वर नाही. पपई, पेरू, संत्रं, कलिंगडाची फोड, तीही मापात. द्राक्षं मूठभर. रस काढायचा नाही, चावून खाऊ द्या. आणि पेरू घ्याल तो कडक घ्या." हे माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. बिचारे दीड महिना निमूट खात होते आणि मीच त्यांना खाऊ घालत होते. बाहेर आल्यावर मला रडू आलं. हे म्हणाले, "चल, बस चुकेल."

तिथून पुढे नुसती दमछाक. हाताला लागलेलं वळण मोडायचं म्हणजे सोपं नसतं. पेरूच्या पाटीत हात घातला की बोटं पिवळ्या, वासाच्या पेरूवरच जायची आणि मी ती ओढून आणायची. हिरवा रंग नुकता उजळायला लागलेला, अंगठ्याने दाबला तर न दबणारा, असा पेरू हुडकायचा. पपईवर एकदोन पिवळे पट्टे असले की पुरे. पेठ गावाकडून येणारी एक म्हातारी पाटी घेऊन बसायची, ती म्हणायची, "बाई, लोकं पिकला मागतात, तुला हा दगड कशाला?" घरी आल्यावर फोडी मोजून वाटीत घालायच्या, पोळी एकच करायची, आणि यांचं पडलेलं तोंड बघत बसायचं. रोज. कधी कधी वाटायचं, नको ते वजन आणि नको ती फळं.

आण्णांना सांगून बघितलं. ते टेम्पोबरोबर नाशिकच्या मार्केटला आले की द्राक्षांचा एक क्रेट आमच्या दारात उतरवायचे. म्हटलं, "आण्णा, यांना द्राक्षं वर्ज्य केलीत. आता नका आणू."

"जावयाला द्राक्षं बंद?" ते म्हणाले. "मंग बाग कशाला लावली म्या?" पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. "लय नाय, एकच क्रेट हाय," म्हणाले आणि पायरीवर ठेवून गेले. मी क्रेट उचलून आत आणला.

ती द्राक्षं टाकायची कशी? वर्षभर बागेत मरमर मरून आणलेली. शेजारी वाटून वाटून किती वाटणार. मी घरी पिको-फॉलचं काम करायचे. मशीनशेजारी वाडगा ठेवायचे, एक साडी झाली की चार मणी तोंडात. यांना न चालणारी पिकलेली केळी, मऊ पडलेली पपई, नंतर आण्णांच्या बांधावरच्या झाडाचे आंबे, सगळं ओट्याशी उभ्या उभ्या मीच संपवायचे. त्याला काही खाणं म्हणत नाहीत. ते आवरणं.

यांचं वजन मात्र उतरत गेलं. अर्धा किलो, पाव किलो, कधी काहीच नाही. दसऱ्याच्या आधी दहा पुरे झाले. ऑपरेशन नीट पार पडलं. दोनेक महिन्यांनी कामावर रुजू व्हायचा दाखला घ्यायला गेलो, मशीनवर जायला हरकत नाही असा. डॉक्टरांनी सही केली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही फार थकलेल्या दिसता. चढा बघू काट्यावर."

मी चढले. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. दोन दिवसांनी कळलं, साखर. वजन तर माझं नऊ किलो वाढलं होतं. यांनी एवढ्या कष्टाने उतरवलेलं जवळजवळ सगळं मी माझ्या अंगावर घेऊन बसले होते, आणि घरात कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्यासुद्धा. परत येताना बसमध्ये यांनी तो रिपोर्ट दोनदा उघडून वाचला. मला राग आला होता. कोणाचा, ते सांगता येत नव्हतं.

सोमवारी हे मशीनवर गेले. फर्स्ट शिफ्ट चारच्या आत सुटते, हे आले साडेपाचला. हातात कापडी पिशवी. जन्मात कधी बाजारात फळ न निवडलेला माणूस, पिशवी ओट्यावर ठेवून म्हणाला, "बघ, कडक आहेत का. एकेक दाबून घेतलाय. ती म्हातारी हसत होती."

मी हात घातला. सहातले दोन चांगलेच पिकलेले होते. ते मी पिशवीच्या तळाशी सरकवले.

यांनी स्वतः एक पेरू धुतला, वेड्यावाकड्या चार फोडी केल्या, वाटीत घातल्या. मी सवयीने ओट्याशीच उभी राहून पहिली फोड उचलली, तर म्हणाले, "बसून खा."

लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत मी घरादारासाठी फळं निवडली, आणि माझ्यासाठी म्हणून कोणी निवडून आणलेलं ते पहिलंच फळ. मी खाली बसले. पेरू तुरट होता. मी चारही फोडी खाल्ल्या.