दीड तासाचा रस्ता

सांगलीहून वडूजजवळच्या आमच्या गावी मी गाडीनं दीड तासात पोचतो, असं मी वडिलांना एकदा सांगितलं. ते खोटं होतं. त्या दिवशी एक तास पन्नास मिनिटं लागली होती. चहाला थांबलो ती दहा मिनिटं मी धरली नाहीत, गावात शिरताना म्हशी आडव्या आल्या ती पाच धरली नाहीत, उरलेली पाच तर नुसतीच खाल्ली. गाडी चालवणारे वेळ असाच सांगतात. खरा सांगणारा मला अजून भेटायचा आहे.

जोरात आलो होतो, हे मात्र खरं. गाडी साधीच, घरोघरी असते तशी पांढरी आणि छोटी. विट्याच्या पुढं रस्ता सरळ झाला आणि काटा एकशेवीसच्या वर गेला. तिथून गाडी पीं पीं करायला लागते आणि वेग कमी करेपर्यंत थांबत नाही. एकशेतीसला स्टिअरिंग हातात हलकं झालं, पायाखालचा पत्रा थरथरायला लागला, मागच्या सीटवरची पाण्याची बाटली पडून इकडून तिकडं गडगडत राहिली. मला भीती वाटत होती आणि ती भीती लय आवडतही होती. तेवढ्यात वळणावर मेंढरं दिसली. घोंगडं पांघरलेल्या एका म्हाताऱ्यानं काठी आडवी धरून कळप कडेला रेटला. मी ब्रेकला पायही लावला नाही. आरशात तो म्हातारा क्षणभर वडिलांसारखा दिसला.

वडिलांचं तरुणपण मेंढरांमागंच गेलं. आता थोडी शेती आहे, पण अंतर ते अजून मुक्कामांत मोजतात. माझा दीड तास ऐकून संध्याकाळी देवळापुढं ते ज्याला त्याला सांगत होते, "आमाला मेंढरं घेऊन सांगलीकडं उतरायला सात मुक्काम पडायचं. पोरगं दीड तासात येतंय!" मी शेजारी बसून गालात हसत होतो. खोडून काढायची ती वेळ होती, पण आयतं मिळालेलं कौतुक कोण सोडतो?

आईला या कौतुकाचं काही नव्हतं. मी निघताना फोन केला की तिचं ठरलेलं वाक्य यायचं, "हळू ये रं. आमी कुठं पळून चाललोय?"

गेल्या थंडीत एका सकाळी सात वाजता वडिलांचा फोन आला. "तुझ्या आईचा उजवा हात चालंना झालाय. भाकरी थापता थापता परातीतच पडला. तोंडबी वाकडं झालंय." आमच्याकडं मोठं दुखणं म्हणजे सांगलीशेजारच्या मिरजेचा दवाखाना, हे ठरलेलंच. वडील पुढं म्हणाले, "शेजारची जीप दारात हुबी हाय. पर ती जुनी, मिरजंला तीन तास लावती. तू दीड तासात येणार, दीड तासात नेणार. सारखंच की. तुझ्या गाडीत हादरं तरी बसायचं न्हाईत. काय करू?"

हिशेबात त्यांचं काही चुकलं नव्हतं. आकडा माझा होता. 'मला दोन तास लागतात, आत्ता जीपमध्ये घाला,' एवढंच म्हणायचं होतं. जीभ रेटली नाही. वर मनात आलं, आज तर जमवीनच. म्हणालो, "थांबा, मी आलोच."

फोनवर मागून आईचा आवाज येत होता. ती काहीतरी सांगत होती, पण शब्द लागत नव्हते.

हंगाम उसाचा होता. तासगावच्या अलीकडंच उसाच्या ट्रॉल्या लागल्या, एका ट्रॅक्टरला दोन-दोन. ओलांडायला बाहेर काढावी तर समोरून दुसरा ट्रॅक्टर. रस्ता मोकळा मिळाला तिथं मी एकशेतीस काढले, पण मागं गेलेली मिनिटं कुठल्याच वेगानं परत येत नव्हती. गाडी पीं पीं करत होती आणि मी तिला मोठ्यानं शिव्या देत होतो. मायणीजवळ पूर्ण रस्ताभर मेंढरं. इंजिन बंद करून गप्प उभं राहिलं की कळप आपसूक निघून जातो, हे मला चालायला यायच्या आधीपासून ठाऊक आहे. तरी मी हॉर्न दाबला. मेंढरं बिथरली, फुटली, परत फिरून गाडीभोवतीच गोळा झाली. मेंढका माझ्याकडं नुसता बघत राहिला. त्यात पंधरा मिनिटं गेली.

दारात पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. जीप अजून तिथंच होती. आईला मागं निजवलं, तिचं डोकं वडिलांच्या मांडीवर. मग जोरात जाताच येईना. प्रत्येक गतिरोधकाला वडील तिचं डोकं दोन्ही हातांनी धरत. मिरजेत बारा वाजले. डॉक्टरांनी विचारलं, हात कधी पडला? वडील म्हणाले, सातला. डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "फार उशीर केलात." वडील माझ्याकडं बघतील म्हणून मी खाली मान घातली.

आई जगली. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. आता निघताना मी फोन करतो, वडील तो तिच्या कानाला लावतात आणि मला तिचा श्वास ऐकू येतो. मी साठच्या वर जात नाही. पावणेतीन तास लागतात.

परवा अंगणात आम्ही दोघंच होतो. मी सगळं सांगून टाकलं. दीड तास खोटा होता, तुम्ही माझ्या शब्दावर बसलात आणि जीप गेली नाही. बोलताना मला रडू आलं. वडील घोंगडीचं सुटलेलं सूत काढत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुझा दीड तास म्हंजी दोन, ते मला पैल्यापास्नं ठावं व्हतं," ते म्हणाले. "आईसाटनं तरी दीड तासात येशील, आसं वाटलं."