पंपाला दोन टोपणं

दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. शेतातल्या पत्र्याच्या खोलीत खाटेवर डोळा लागतो आणि उघड्या दारातून सरजाबाई आत येते. सरजाबाई आत्राम, आमच्या गावच्या निंदणी-खुरपणीच्या बायांची पुढारीण. चैत्रात वारली. पेपरात बातमी मीच दिली होती, सहा ओळींची.

बाहेरची स्थिती अशी : पाच एकर सोयाबीन फुलावर आहे आणि ओळींमध्ये केना माजला आहे. चार वर्षं एकच तणनाशक मारलं. यंदा केना पिवळा पडला आणि आठ दिवसांत पुन्हा उठला. तासाभरात धाकटा भाऊ सुधाकर तेच औषध दुप्पट करून मारणार आहे. त्याला अडवायचं तर कारण हवं. ते माझ्याकडे नाही.

"झोपा, भाऊ, झोपा," सरजाबाई म्हणते. "तन हाये ना जागं, राखणीले."

"मावशी, औषध का लागत नाही?"

"पेपरात तुमी लिवता, अन् इचारता मले?"

ती चालू लागते, मी मागे. सोयाबीनच्या ओळी लांबत जातात. मग त्या माझ्या जुन्या कार्यालयातल्या टेबलांच्या ओळी असतात आणि फरशीच्या फटींतून केना वर आलेला असतो. टेबलांमागचं कोणी मान वर करत नाही. सरजाबाई वाकते, मुळासकट उपटते, ओच्यात टाकते.

"ओझं कशाला? बांधावर टाक की."

"बांधावर टाकला का पेऱ्यापेऱ्याले मुळं फुटते. तारेवर वाळवा लागते त्याले. तुमच्या सुधाकरले तीनदा सांगतलं. 'मावशी, आता बाटली आली,' म्हणे. मंग बाटलीचंच सांगा. फवारणीच्या पंपाले किती टाकता?"

"दोन टोपणं."

"कोनत्या बाटलीचे?"

आता आम्ही एसटीच्या शेवटच्या बाकावर आहोत. तिच्या तळहातावर दोन टोपणं आहेत. एक लाल, खोल, दुसरं पांढरं, उथळ. तीन वर्षांपूर्वी दुकानातून नवी बाटली आली, टोपण लहान झालं. आम्ही मात्र दोनच मोजत राहिलो.

"अर्धं औषध पेला तो," ती म्हणते. "अर्धमेला झाला, पन बी टाकून गेला. जे वाचले त्याइचंच बी उगोलं, दरसाल. आता दुप्पट द्याल तं माप पुरं होईन, पन सोयाबीन फुलावर हाये, फूल गळन. केना सोकावला, तो हासन."

"मग काय करू?"

"बी धराच्या आंधी उपटा. अकरा बाया, चार दिवस."

"बाया मिळत नाहीत, मावशी."

"मी होती तवा मिळत होत्या." ती खिडकीबाहेर पाहते. "सहा ओळीत मावली का मी, भाऊ?"

बस थांबते. ओचा सावरत ती उतरते.

जाग येते तेव्हा दोन चाळीस झालेले आहेत. उजव्या मुठीत केन्याची काडी आहे, मुळाला ओली माती, वर उघडं निळं फूल. केन्याचं फूल दुपारच्या आत मिटतं. दारात जाऊन पाहतो : शेतातली सगळी मिटलेली आहेत.

फळीवर जुनी आणि नवी, दोन्ही बाटल्या आहेत. गुरांच्या औषधाच्या सिरिंजने टोपणांत पाणी मोजतो. लाल पंचवीस मिलि, पांढरं बारा.

सुधाकरला दोनदा फोन लावतो. तो उचलत नाही. सरजाबाईच्या जागी आता बाया जमवणाऱ्या पंचफुलाला लावतो. ती म्हणते, "सातच भेटतीन. त्याही विचारून सांगतो."

तीन वाजून पाच मिनिटांनी विहिरीवरची मोटर सुरू होते. फवारणीचं पाणी तिथूनच भरतात.