जाड पुस्तक

बारामतीत आम्ही काही सॉफ्टवेअरवाले रविवारी जमून एकच पुस्तक वाचतो. या वेळचं निवडायला मी दुकानात गेलो, तेव्हा एक अनोळखी तरुण शेजारी उभा होता. गळ्यात कंपनीची निळी फीत, टोक शर्टाच्या खिशात. फोन वाजला की दचकून खिसा चाचपायचा. तो वाकला तेव्हा दिसलं, फितीला ओळखपत्रच नव्हतं.

माझ्या हातातली दोन पुस्तकं पाहून हळूच म्हणाला, "जाडच घ्या. नोकरी गेली माझी, घरी सांगितलं न्हाय. जोवर वाचतोय, तोवर कुणी काय इचारत न्हाय."

मी जाडच घेतलं.

एरवी पानं बघून कुरकुरणारा आमचा गट. त्या रविवारी मी त्याचं बोलणं सांगितलं, आणि पातळ पुस्तक कुणीच मागितलं नाही.